सहा जणांना पाठवलेली ईद

६ जून, शुक्रवार

आज बकरी ईद. पहाटे नमाजला निघण्याआधी मी एक लहानसं काम केलं आणि दिवसभर त्याचं समाधान वाटत राहिलं, म्हणून तेच आधी लिहितो.

साडेचारला आंघोळ करून अत्तर लावत होतो, तेवढ्यात उल्हाससाहेबांचा मेसेज आला. अकरा वर्षं इथं आखातात, कंपनीच्या आयटीत त्यांच्या हाताखाली आहे, पण ईदच्या दिवशी त्यांनी माझ्याआधी शुभेच्छा देण्याची ही पहिलीच वेळ. पुण्याचा माणूस, एरवी सुट्टीच्या दिवशी नवाआधी उठत नाही. लिहिलं होतं, "ईद मुबारक, महबूबभाई! यार्डातल्या आपल्या मराठी लोकांसाठी कार्डं केली आहेत. प्रत्येकाचं वेगळं. मी पाठवली तर साहेबाचा मेसेज म्हणून घाबरतील. तुम्ही पाठवा, तुमचं सगळे उघडतात. नमाजला जायच्या आधीच पाठवा म्हणजे सकाळी पहिलं तेच दिसेल."

खाली सहा नावं आणि प्रत्येक नावापुढे एक लिंक. मी सहाही जणांना एकेक करून पाठवली. नुसती लिंक कोरडी वाटते म्हणून प्रत्येकाला दोन शब्द स्वतःचे लिहिले. शत्रुघ्नला लिहिलं, "तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी आज दुआ करीन."

शत्रुघ्न जालन्याकडचा, 'माझं'ला 'मपलं' म्हणणारा, यार्डात पाइप जोडणारा फिटर. जलीबला, कामगारांच्या वस्तीत, एका खोलीत सात जण राहतात. मशिदीच्या पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत त्याचं उत्तर आलं. "ईद मुबारक भाई. चित्र काही दिसंना, मपलंच पान उघडतंय. पन तुमी आठवन काढली, लई झालं."

मी लिहिलं, "नेट हळू असेल." आणि फोन बंद करून आत गेलो.

८ जून, रविवार

सुट्टी चालू आहे. जमिला आणि आमची हिबा शेजारच्या बाईंकडे गेल्या आहेत. घर शांत आहे, पण माझं मन नाही. काल आणि आज, दोन्ही दिवस पहाटे फजरच्या नमाजेत मेमधली ती नोट आठवली. का आठवली, ते कळत नाही. लिहून पाहतो.

कंपनीच्या कामगारांसाठी एक साइट आहे. हजेरी, रजा, सगळं त्यावर. त्यामुळे प्रत्येकाच्या फोनवर ती कायम उघडीच असते. दीड वर्षापूर्वी त्यात तक्रारीचं पान आलं. तिथं लिहिलेलं फक्त दुबईच्या मुख्य कचेरीतल्या दोन बाया वाचतात, यार्डातल्या कुणालाही दिसत नाही, असं प्रत्येक भाषेत छापून बसमध्ये लावलं होतं. मराठी मजकूर माझाच होता.

साइट हळू चालते म्हणून तिच्यापुढे एक कॅशे सर्व्हर बसवला आहे. तो माझ्या ताब्यात. कुणी एखादी गोष्ट मागितली की तो तिची एक प्रत जवळ ठेवतो आणि पुढच्या माणसाला तीच देतो. चित्रांसाठी हे चांगलं. एप्रिलात वरचे लोक साइट बघायला येणार होते, ती पळाली पाहिजे म्हणून उल्हाससाहेबांनी माझ्याकडून नियम घालून घेतला: पत्त्याच्या शेवटी चित्राच्या फाइलचं नाव असेल तर आत काय आहे ते न बघता तासभर ठेवून घ्यायचं.

मेमध्ये मला त्यातली चूक सापडली. तक्रारीच्या पानाच्या पत्त्याला शेवटी चित्राचं एखादं खोटं नाव जोडलं, तर साइट त्या शेपटाकडे लक्ष देत नाही, उघडणाऱ्याचं तक्रारीचं पानच देते. कॅशेला मात्र ते चित्र वाटतं आणि तो प्रत ठेवून घेतो. मग तासाच्या आत तोच पत्ता दुसऱ्या कुणीही उघडला तर त्याला पहिल्या माणसाची तक्रार दिसते. पासवर्ड लागत नाही, काही फोडावं लागत नाही. पहिल्या माणसानं आपल्या हातानं ती लिंक दाबली, की झालं.

मी चार पानांची नोट लिहिली. कसं होतं ते पायरी-पायरीनं. उदाहरणासाठी चित्राला नाव दिलं 'सुरंगी'. आई माळायची ते फूल, पटकन तेच सुचलं. दुरुस्ती एका ओळीची होती. उल्हाससाहेब म्हणाले, "फार छान लिहिलंय. पण ईद होऊ द्या, मग हात लावू. तोवर कुणाला बोलू नका, लोक उगाच घाबरतील." नोट त्यांच्याकडे ठेवून घेतली.

आमच्या गावी, श्रीवर्धनच्या खाली, पोस्टमन टेकडी चढायचा नाही. सगळं टपाल जेटीजवळच्या दुकानात फळीवर ठेवून जायचा. बाबा तेव्हा बहारीनला होते. त्यांची आईला आलेली पत्रं आम्हाला मिळायची तेव्हा त्यांची कड उचललेली असायची. बाबांनी आईला काय लिहिलं ते गावातल्या बायका पाण्यावर तिलाच सांगायच्या. आईनं शेवटी बाबांना कळवलं, लिहू नका. मी चौथीत होतो. ते पत्र तिनं माझ्याकडून लिहून घेतलं.

नोटमध्ये हे लिहिलं नव्हतं. ऑफिसच्या कागदात असलं काही लिहीत नाहीत.

१० जून, मंगळवार

सुट्टी संपली. दुपारी शत्रुघ्नचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"भाई, अरुणकुमारनं बोलिवलं व्हतं." अरुणकुमार म्हणजे यार्डाचा इनचार्ज. "म्या लिव्हलेली तक्रार त्यानं मला म्हनून दाखिवली. कागद न बघता. अकरा ते चार उन्हात काम बंद ठेवायचा कायदा हाय तरी शेडच्या मागं काम करून घेत्यात, दोन मानसं चक्कर येऊन पडली, पान्याचा कूलर आत उचलून नेला. समदं. म्या कूलरचं सुदीक लिव्हलं व्हतं भाई, ते बी."

"तू कुणाला सांगितलं होतंस का?"

"बायकूला बी न्हाई."

त्याच्यापुढे राजीनाम्याचा कागद ठेवला. त्यानं सही केली नाही. तर म्हणाले, मग कामावरून पळून गेला अशी नोंद करू. परत कधी या देशात पाय ठेवता येणार नाही. कंपनीच्या कागदपत्रांची धावपळ करणारा मंदूब त्याचा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, घेऊन गेला.

मी म्हणालो, "मी बघतो." काय बघणार होतो, अल्लाह जाणे.

११ जून, बुधवार

उल्हाससाहेबांशी बोललो. त्यांना फार वाईट वाटलं. खुर्ची ओढून जवळ बसले, चहा मागवला.

"महबूबभाई, तुम्ही फार साधे आहात हो. ह्या लोकांच्या पोटात काही राहतं का? खोलीत सात जण झोपतात. एकाला सांगितलं की सगळ्या जलीबला कळतं."

मी नोटची आठवण दिली. ते हसले. "अहो, ती तुम्हाला कळली, मला कळली. तिसऱ्या कुणाला कळणार? यार्डातल्या अरुणकुमारला साधी फाइल जोडता येत नाही, अजून मला फोन करतो."

हे मात्र खरं आहे. अरुणकुमारला खरंच काही येत नाही. मन थोडं हलकं झालं.

निघताना म्हणाले, "कॅशेची डिस्क भरत आली आहे. जुन्या नोंदी आज उडवून टाका."

डिस्क तशी निम्मीही भरलेली नाही. पण सांगितलं म्हणून, कुणी कधी काय मागितलं त्या सगळ्या नोंदी उडवल्या. उडवण्याआधी एक प्रत बाजूला ठेवली, तशी मी कायमच ठेवतो. दुसऱ्याची वस्तू फेकण्याआधी दोनदा बघावं, ही सवय.

१२ जून, गुरुवार

शत्रुघ्ननं शुऊनला अर्ज दिला. मजूर कचेरीला इथं सगळे शुऊनच म्हणतात. १९ तारखेला सुनावणी. कंपनीचं म्हणणं असं की तक्रार त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगून कामगार भडकवले. साइट पूर्ण सुरक्षित आहे. त्याला आयटीचं पत्र जोडायचं होतं. उल्हाससाहेबांनी ते टाइप करूनच आणलं. "तक्रारीचे पान लिहिणाऱ्याखेरीज आणि मुख्य कार्यालयाखेरीज कुणालाही दिसू शकत नाही, असे मी प्रमाणित करतो." खाली माझं नाव.

मी म्हणालो, "दिसू शकतं, साहेब."

"शकतं वेगळं आणि दिसलं वेगळं. दिसलंय का कुणाला? एक तरी पुरावा आहे?"

नव्हता.

मग ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "हिबाचं बारावीचं वर्ष ना? तुम्हा तिघांचे इथं राहायचे अकामे जुलैत संपतात. मी आजच वर सांगून ठेवलंय, महबूबभाईंचं आधी करा."

मी सही केली. हे लिहिताना पेन थांबतंय, पण केली. मनाची समजूत अशी घातली की चुकीचा फायदा कुणी घेतलेला नाही, म्हणजे पत्र जवळजवळ खरंच आहे. उल्हाससाहेब वाईट नाहीत. ईदला आठवणीनं कार्डं केली होती त्यांनी.

१३ जून, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजेनंतर शत्रुघ्न अब्बासियाला आमच्या घरी आला. जमिलानं जेवायला बसवलं. भात नुसता चिवडत राहिला.

"भाई, कंपनीनं शुऊनला कागद दिला. साईट पक्की हाय म्हून. खाली तुमचं नाव हाय म्हनं. म्या म्हनलो, दुसरा कुनी महबूब आसंल."

जमिला माझ्याकडे बघत होती.

"नवी तक्रार केली का कुठं? कुणाला फोन दिला होतास? कुठली लिंक उघडलीस?" मी विचारत राहिलो, डॉक्टर विचारतो तसं.

"म्या अनोळखी लिंक उघडतच न्हाई. तुमीच शिकिवलंय. फकस्त तुमची ईदची. ती बी उघडली न्हाई नीट. दाबली की मपलंच तक्रारीचं पान."

त्यानं फोन पुढे केला. माझा मेसेज. आईच्या गुडघ्यांसाठी दुआ. खाली निळ्या अक्षरांत लिंक. मी ती आजपर्यंत पूर्ण वाचलीच नव्हती. सुरुवात कंपनीच्या साइटची, मधे तक्रारीचं पान. आणि शेवटी, जिथं चित्राचं नाव असतं, तिथं: सुरंगी-४.

मी उठून वजू करायला गेलो. नमाजची वेळ नव्हती. नुसतं पाणी सोडून उभा राहिलो.

१४ जून, शनिवार

नोंदींची प्रत उघडली. सगळं तिथं आहे. ईदच्या पहाटे सुरंगी-१ ते सुरंगी-६. प्रत्येक पत्ता दोनदा मागितलेला. शत्रुघ्नचा, चार एकोणपन्नासला त्याच्या फोनवरून. आणि चार त्रेपन्नासला दुसऱ्यांदा, उल्हाससाहेबांच्या घरून, त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून. सहाही तसेच. म्हणून त्यांना पहाटे उठावं लागलं. प्रत तासभरच टिकते, हे मीच लिहिलं होतं. पान तीन.

तरी मी तासभर स्वतःशी वकिली केली. कार्डं नीट उघडतात का ते तपासत असतील. नोट कुणाच्या हाती पडली असेल. नाव योगायोगानं...

सुरंगी पुण्यात कोण म्हणतं?

आणि त्यांनी फसवलं हे सोपं आहे. माझं काय? उल्हाससाहेबांखेरीज सगळ्या कंपनीत एकाच माणसाला ही खोड ठाऊक होती. त्या माणसाला शत्रुघ्ननं मशिदीच्या पायरीवर कळवलं, "मपलंच पान उघडतंय." आणि त्यानं उत्तर दिलं, नेट हळू असेल. त्या वेळी लिंक दाबल्याला अजून चार मिनिटं सुद्धा झाली नव्हती. प्रत पुसून टाकायला मला फोनवरून अर्धं मिनिट लागलं असतं. मी फोन बंद केला आणि पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून भरभर चाललो.

त्या नमाजेत मी काय मागितलं ते आता आठवत नाही.

१५ जून, रविवार

नोंदींचा कागद उल्हाससाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. दार लावलं. रागावतील असं वाटलं होतं. ते रागावलेसुद्धा नाहीत.

"उडवायला सांगितलं होतं ना मी?"

"उडवल्या. प्रत होती."

"तुमची ती जपून ठेवायची सवय." ते हसले. "बघा महबूबभाई, यार्डाचा वरून दबाव होता. मराठीत तक्रार गेलीय एवढं कळलं होतं. सहांपैकी कोण, एवढंच त्यांना हवं होतं. बाकीच्या पाचांना तर वाचवलंच मी, नाहीतर सहाही गेले असते. अशा बाजूनं विचार करा ना."

"मला का घेतलंत ह्यात?"

"दुसऱ्या कुणाची लिंक उघडली असती त्यांनी?"

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला ती प्रशंसा वाटली असती, महिन्याभरापूर्वी.

मग बोटं मोजली. "नियम कुणी घातला? तुम्ही. युक्ती कुणी लिहिली? तुम्ही. लिंक कुणी पाठवल्या? तुम्ही. पत्रावर सही? मी तर कुठंच नाही हो ह्यात. एक लॅपटॉप, तोही कंपनीचा. जा, चहा घ्या. चेहरा बघा कसा झालाय."

नियम तसाच आहे. दुरुस्तीची परवानगी मागितली. "१९ तारीख होऊ द्या," म्हणाले.

१७ जून, मंगळवार

घरी सांगितलं. पत्र मागे घ्यायचं तर कंपनी मला ठेवणार नाही. जुलैत अकामे संपतील. हिबाचं शाळेचं वर्ष मधूनच तुटेल. गावी घर आहे, पण तिला मराठी धड वाचता येत नाही. बारावी कुठं करणार?

हिबा म्हणाली, "अब्बा, इट्स नॉट इव्हन युअर फॉल्ट. ही यूज्ड यू." मग थोड्या वेळानं, "यू ऑल्वेज टेल मी, डोन्ट क्लिक अननोन लिंक्स."

"ती अननोन नव्हती, बाळ. माझी होती."

हिबा सतरा वर्षांची आहे, सगळं कळतं.

जमिलाला विचारलं, काय करू. ती कपडे घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "सही केलीत तेव्हा विचारलं होतंत?"

"नाही."

"मग आता कशाला विचारता? माझ्या तोंडून 'नको' निघालं की तुम्ही सुटलात." एक सदरा तिनं परत उलगडला, परत घडी घातली. "शुक्रवारी तो पोरगा इथं बसून जेवला नाही. माझ्या घरून कुणी उपाशी गेलेलं मला आठवत नाही."

ती एवढंच बोलली. मी तस्बीह घेऊन बसलो. मणी सरकत राहिले, तोंडातून काही निघेना. इतकी वर्षं वाटायचं की मी कुणाचं वाईट करत नाही म्हणजे नेक आहे. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात याचा मला गर्व होता. गर्वाला मी शराफत म्हणत होतो. उल्हाससाहेबांनी त्या विश्वासाची नेमकी किंमत ओळखली. माझ्यापेक्षा चांगली ओळखली.

१९ जून, गुरुवार

सकाळी सातला ऑफिसात गेलो. कुणी आलं नव्हतं. कॅशेचा नियम उघडला आणि ती एक ओळ बदलली: तक्रारीच्या पानाखालचं काहीही, शेवटी कुठलंही नाव असो, ठेवायचं नाही. मग ठेवलेल्या सगळ्या प्रती पुसल्या. माझ्याच फोनवरून सुरंगी-७ करून पाहिलं, मग दुसऱ्या फोनवरून. दुसऱ्याला लॉगिनचं पान आलं, तक्रार आली नाही. घड्याळ बघितलं. सगळं मिळून दोन मिनिटं. ह्या दोन मिनिटांसाठी मी पाच आठवडे परवानगीची वाट बघत होतो.

शुऊनच्या बाहेर शत्रुघ्न सावलीला उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघून त्याला वाटलं मी कंपनीकडून आलोय. मान फिरवली. कंपनीकडून मंदूब आला होता, माझं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून.

मी आधी शत्रुघ्नपाशी गेलो. आत ज्यांच्यापुढे बोलायचं त्यांच्याआधी त्याला सांगायला हवं होतं. सगळं सांगितलं. नियम, नोट, लिंक, सही. तो ऐकत राहिला. तांत्रिक भाग त्याला किती कळला माहीत नाही. शेवटी म्हणाला,

"म्हंजे ते ईदचं कार्ड नव्हतंच."

"नव्हतं."

"म्या तर जलीबच्या समद्या खोलीला दाखिवलं व्हतं भाई. म्हनलं, बघा, मानूस कसा हाय. पयली आठवन मपली काढली." मग विचारलं, "आन् आयच्या गुडघ्याची दुआ?"

"ती मी लिहिली होती. ती माझी होती."

"मागितली का?"

खोटं बोलता आलं असतं. "आठवत नाही," म्हणालो.

तो एक पाऊल बाजूला झाला, मला दारातून आत जायला वाट दिली. एवढंच.

आत खिडकीवरच्या माणसाला मी अरबीत सांगितलं की कंपनीनं जोडलेलं पत्र माझं आहे आणि ते खोटं आहे. मंदूबनं वळून बघितलं आणि फोन काढला. माझं नवं निवेदन दीड पानाचं होतं, बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून अरबीत करून घेतलेलं, मागे नोंदींचा कागद. पहिलं वाक्य मी तीनदा बदलून घेतलं होतं. टायपिंगवाला म्हणत होता, आधी कंपनीची चूक लिहा, तुमची शेवटी घाला, तसंच लिहितात सगळे. मी ऐकलं नाही. पहिलं वाक्य असं आहे: ईदच्या पहाटे त्या सहा लिंक मी स्वतः पाठवल्या.

खिडकीवरच्या माणसानं बताका मागितला, नाव ताडून पाहिलं. म्हणाला, सही इथं.

मी सही केली. त्यानं शिक्का मारला आणि एक प्रत मला परत दिली.